काळ्या कुत्र्याच्या आठवणीची फोटोफ्रेम: कोणता फोटो, कोणती काच, गळपट्टा आत कसा बसवायचा?

खाडीकाठ
आमचा शेरू गेला. लॅब्रॅडॉर, पूर्ण काळा, छातीवर पांढरा ठिपका. हॉलमध्ये त्याची चांगली फ्रेम लावायची आहे आणि ती घाईत करून बिघडवायची नाही, म्हणून हा धागा. हाताशी असलेल्या गोष्टी:

१. व्हॉट्सअॅपवर आलेला एक फोटो. सगळ्यांना तोच आवडतो, माप १२०० × १६०० पिक्सेल.
२. पिल्लूपणीचा ४×६ चा एकच फोटो. जुन्या फ्रेमच्या काचेला चिकटून बसलाय.
३. नायलॉनचा गळपट्टा, त्यावर पितळी बिल्ला.
४. शेपटीचे थोडे केस.

घर ठाण्यात, पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. आईला फ्रेमला हार घालायचा आहे आणि खाली नाव हवं आहे. फ्रेमच्या दुकानात चौकटीच्या नमुन्याच्या पट्ट्या समोर ठेवल्या की काय विचारावं तेच सुचत नाही. जाणकारांनी सांगावं.

अंधारखोली
खाडीकाठ, शेरूला नमस्कार. पट्टी सगळ्यात शेवटी निवडा, आधी फोटो.

व्हॉट्सअॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसवतं. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे तुमच्या फाइलमधून ४ × ५.३ इंच निघतील. २०० वर उतरलात तर ६×८, आणि ते हातभर अंतरावरून चांगलं दिसतं. त्यापुढे ताणलं की डोळ्यांच्या कडा विरघळतात, केसांचा लगदा होतो.

म्हणून तो फोटो ज्याने काढला त्याच्या फोनमध्ये मूळ फाइल शोधायला सांगा. फोन बदलला असेल तर गूगल फोटोजच्या बॅकअपमध्ये बघा. तिथे जागा वाचवणारा पर्याय चालू असला तरी १६ मेगापिक्सेलपर्यंतचं माप कायम राहतं. १२ मेगापिक्सेलची मूळ फाइल ३००० × ४००० असते, तिच्यातून ३०० च्या हिशोबाने १० × १३ इंच आरामात निघतं. फाइल मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर परत १६०० वर येईल.

मूळ फाइल मिळालीच नाही तर ६×८ वर थांबा आणि माउंट (फोटोभोवतीचा, खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) रुंद घ्या. लहान फोटो आणि भोवती तीन इंच मोकळी जागा, हे ताणलेल्या १२×१८ पेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. एआयने मोठं करून देणारी अॅप्स आहेत, पण ती केस आणि मिशा स्वतःच्या मनाने रंगवतात. छातीवरच्या ठिपक्याचा आकार, नाकावरच्या रेषा, कानाची कड मूळ फोटोशेजारी ठेवून तपासा. ठिपका बदलला तर तो शेरू राहत नाही.

मनीमाऊ_सातारा
व्हिडिओतून फोटो काढता येतो का? आमच्या मांजराचे व्हिडिओच जास्त आहेत.

अंधारखोली
येतो. १०८० चा व्हिडिओ म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल, त्यातून फार तर ५×७. ४के असेल तर ३८४० × २१६०, त्यातून ८×१० होतो. अडचण पिक्सेलची कमी आणि हालचालीची जास्त असते. मांजर थबकून बघतं तो क्षण शोधा, आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत डोळ्यातला चमकीचा ठिपका टोकदार दिसेल तिथे थांबा. तो ठिपका लांबट झाला असेल तर फोटो हललेला आहे.

मापाचं गणितही इथेच सांगून ठेवतो, कारण दुकानात याच कारणाने कान आणि शेपट्या कापल्या जातात. फोनचा फोटो ४:३ असतो. त्याचा ६×८ काहीही न कापता होतो. ८×१० करताना लांबीतून सुमारे ६ टक्के जातं, ८×१२ करताना रुंदीतून ११ टक्के. कापायचं ते तुम्ही घरी कापून द्या, लॅबवर सोडू नका.

खाडीकाठ
मूळ फाइल मिळाली! भाच्याच्या जुन्या फोनमध्ये होती, ३००० × ४०००. पण स्क्रीनवर शेरू छान दिसतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ४×६ काढून आणला तर नुसता काळा गोळा आला. डोळेही दिसत नाहीत.

अंधारखोली
काळ्या जनावरांच्या फोटोचं हे नेहमीचं दुखणं. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. त्यामुळे अंधाऱ्या भागातले बारीक फरक कागदावर मिटतात. एक साधी परीक्षा: फोनची ब्राइटनेस अर्ध्यावर आणा. तिथे मानेवरचे केस आणि कानाची घडी वेगवेगळी दिसत नसेल तर प्रिंटमध्ये दिसणार नाही.

उपाय असा. एडिटरमध्ये ‘शॅडोज’ वाढवा, ‘ब्राइटनेस’ला हात लावू नका. ब्राइटनेसने छातीचा पांढरा ठिपका उडून जाईल आणि काळा राखाडी होईल. मग एकाच ४×६ कागदावर तीन उभ्या पट्ट्यांत चेहऱ्याचा तोच भाग तीन पायऱ्यांनी करून घ्या: जसा आहे तसा, शॅडोज थोड्या वाढवून, आणखी थोड्या वाढवून. हा कागद फ्रेम जिथे लागणार त्या भिंतीवर धरून संध्याकाळच्या दिव्यात बघा. स्क्रीनवर बहुतेकांना पहिली पट्टी आवडते, भिंतीवर दुसरी किंवा तिसरी बरोबर ठरते.

लॅबला दोन गोष्टी बजावून सांगा. ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ ही पहिली. मशीनला फोटोत एवढा काळा दिसला की ते सगळंच उजळवतं आणि काळ्याला हिरवट किंवा जांभळट झाक येते. दुसरी कागदाची. ग्लॉसी कागद काचेमागे गेला की दोनदा चमकतो, मॅटवर काळा रंग फिका पडतो. काळ्या कुत्र्यासाठी लस्टर किंवा सिल्क, म्हणजे या दोन्हींच्या मधला मंद चमकीचा कागद मागा. लॅमिनेशन करू नका. काही वर्षांनी कडेने सुटतं आणि आत फुगे येतात.

फ्लॅशमध्ये काढलेला फोटो असेल तर डोळे हिरवे-पिवळे चमकतात. डोळ्यांच्या मागच्या परावर्तक थरामुळे ते होतं. ‘रेड आय’चं बटण लाल रंग शोधतं, म्हणून इथे चालत नाही. बाहुली हाताने गडद करावी लागते, आणि वरच्या बाजूला एक बारीक पांढरा ठिपका ठेवावा लागतो. तो विसरला की डोळा निर्जीव दिसतो.

रनिंगफूट
आता माझा विषय आला. काचेला चिकटलेल्या फोटोचं आधी बोलू, कारण तिथे एकदाच चूक होते आणि ती दुरुस्त होत नाही.

स्टुडिओच्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ होतो आणि काचेला टेकलेला असेल तर गोंदासारखा चिकटतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. ब्लेड घालू नका, हेअर ड्रायर लावू नका. मागचा हार्डबोर्ड आणि खिळे काढा, फोटो-काच एकत्रच बाहेर घ्या, काच बाहेरून स्वच्छ पुसा आणि तसाच स्कॅन करा.

अंधारखोली
त्यात एक भर. यूएसबीवर चालणारे पातळ स्कॅनर (सीआयएस जातीचे) काचेला टेकलेली वस्तूच टोकदार टिपतात. मध्ये २ मिमी काच आली की पुसट होतं. जाड, जुन्या धाटणीचा सीसीडी स्कॅनर हवा. ६०० डीपीआयवर ४×६ स्कॅन केला तर २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ८×१२ सुद्धा निघेल. स्कॅनर नाहीच मिळाला तर फोटो खिडकीजवळ टेबलावर ठेवा, उजेड तिरपा, साधारण ४५ अंशांतून येऊ द्या, आणि फोनभोवती काळं कापड धरून वरून सरळ फोटो काढा. कापड नसेल तर काचेत छतच दिसेल.

स्कॅन हातात आल्याशिवाय पाण्यात भिजवून सोडवण्याचा विचारही नको. घरच्या प्रिंटरचा इंकजेट फोटो असेल तर नंतरही नको, शाई पाण्यात उतरेल.

रनिंगफूट
तर याच कारणासाठी नव्या फ्रेममध्ये पहिला नियम: फोटो काचेला टेकता कामा नये. ठाणे, मुंबई, कोकण, गोवा इथे तर कधीच नाही. फोटो आणि काच यांच्यात माउंट घाला. नेहमीचा माउंटबोर्ड दीड मिमीच्या आसपास असतो, तेवढी फट पुरते. माउंट नको असेल तर कडेने प्लास्टिकचा स्पेसर लावून घ्या. ‘अॅसिड-फ्री माउंट द्या’ असं स्पष्ट सांगा. साध्या माउंटची खिडकी जिथे ४५ अंशांत कापलेली असते ती पांढरी कड काही वर्षांत तपकिरी होते, आणि तोच तपकिरीपणा फोटोच्या कडेला उतरतो. दुकानात नसेल तर स्वतः नेऊन द्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानांत विचारा.

आता हिशोब. समजा फोटो ८×१०. माउंटची खिडकी चारही बाजूंनी ३ मिमी आत, म्हणजे ७¾ × ९¾ इंच, नाहीतर फोटो आत घसरतो. माउंटची रुंदी वर आणि दोन्ही बाजूंना २ इंच, खाली २½. खाली अर्धा इंच जास्त ठेवला नाही तर फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. बाहेरचं माप ११¾ × १४¼. चारी बाजूंची बेरीज ५२ इंच. कोपरे ४५ अंशांत कापताना पट्टीच्या रुंदीच्या आठपट वाया जाते, १ इंची पट्टीला ८ इंच. एकूण ६० इंच, म्हणजे ५ रनिंग फूट. दुकानदार भाव रनिंग फुटावर, म्हणजे पट्टीच्या फुटांतल्या लांबीवर लावतात, तेव्हा हा आकडा तुमच्याकडे तयार असू द्या. काच, माउंट, मागचा बोर्ड आणि मजुरी यांचे वेगवेगळे आकडे मागा.

पट्टी सागवानी घ्या किंवा सिंथेटिक. सिंथेटिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ओल आणि वाळवी दोन्ही तिला लागत नाहीत, वजनाला हलकी, पण नक्षीच्या पट्टीचा सोनेरी रंग कोपऱ्यावर खरवडतो. साधी काळी किंवा लाकडी रंगाची घ्या. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) पट्टी मात्र टाळा. खालच्या कोपऱ्यातून पाणी प्यायली की फुगते आणि सांधा उघडतो. काळ्या कुत्र्याला काळी पट्टी लावायची तर माउंट मोडक्या पांढऱ्या रंगाचा, म्हणजे सायीसारखा हवा. शुभ्र पांढऱ्याने काळा अजून काळा वाटतो.

खाडीकाठ
मनापासून आभार. काच साधी की नॉनग्लेअर? आणि दुकानदार म्हणतो, फोटो बोर्डावर फेविकॉलने चिकटवून देतो, हलणार नाही.

रनिंगफूट
चिकटवू देऊ नका. कागद दमट हवेत पसरतो, कोरड्या हवेत आकसतो. पूर्ण चिकटवला की लाटा येतात, आणि पांढऱ्या गोंदातल्या ओलीवर बुरशी धरते. सेलोटेप तर अजिबात नको. पिवळी पडते, तिचा चिकटा फोटोच्या पुढच्या बाजूपर्यंत झिरपतो. फोटो फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेपच्या बिजागरीने माउंटच्या पाठीला टांगायचा, खालची बाजू मोकळी. किंवा चार कोपऱ्यांना अल्बममधले फोटो-कोपरे.

काच २ मिमी साधी. नॉनग्लेअर काचेचा पृष्ठभाग खरबरीत केलेला असतो. फोटोला टेकली तर ठीक दिसते, माउंटच्या फटीने थोडी धुकट होते, आणि खोल पेटीच्या फ्रेमला लावली तर आतलं सगळं दुधातून बघितल्यासारखं. समोर खिडकी असेल तर काच बदलण्यापेक्षा भिंत बदला. थेट ऊन येतं त्या भिंतीवर फोटो टिकत नाही, मग काच कोणतीही असो.

जर्सीची_सई
परदेशातून वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत ८×१० फोटोसाठी माउंटसकट ११×१४ ची तयार फ्रेम सहज मिळते, तेव्हा वरचं माप जवळपास आयतंच हातात येतं. युरोपात सेंटिमीटरची मापं चालतात. २०×३० चा फोटो आणि ३०×४० ची फ्रेम घ्या. भारतात बनवून विमानाने न्यायची असेल तर काचेऐवजी अॅक्रिलिक बसवून घ्या. २ मिमी काच चौरस मीटरला ५ किलो भरते, तेवढंच अॅक्रिलिक अडीच किलोच्या आत. पण ते चटकन ओरखडतं. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे आणि स्पिरिट दोन्ही त्याला चालत नाहीत, मऊ सुती कापड आणि साबणाचं पाणी एवढंच.

रनिंगफूट
आणि अॅक्रिलिक घासलं की त्यावर स्थिर वीज धरते. आत मोकळे केस ठेवले तर उडून त्यालाच चिकटतात. केस ठेवायचे त्या पेटीला काचच.

जुनी_पेटी
गळपट्टा आणि केस यांबद्दल मी लिहिते. कापड आणि चामड्याच्या जुन्या वस्तू जपण्याचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

फोटो आणि पट्टा एका फ्रेममध्ये घालू नका. पट्ट्यात वर्षानुवर्षांचं तेल, लाळ, घाम असतो. बंद पेटीत त्याची ओल फोटोवर जाते. एकाच पट्टीच्या दोन फ्रेम शेजारी लावा, एक सपाट, एक खोल.

रनिंगफूट
एकत्र ठेवायचं तर मध्ये आडवी फळी घालून दोन कप्पे करता येतात, फोटोचा कप्पा मागून टेपने बंद. बऱ्याच जणांना एकच वस्तू हवी असते.

जुनी_पेटी
करता येतं, पण पट्ट्याचा कप्पा दर वर्षी उघडावा लागतो आणि तेव्हा फोटोचाही कप्पा हलतो. दमट गावात दोन वेगळ्या फ्रेमच मी सुचवेन.

आधी पट्टा धुवायचा की नाही ते ठरवा. इथे घाई करू नका. धुतला की वास जातो आणि तो परत येत नाही. वास जपायचा असेल तर पट्टा फ्रेममध्ये घालूच नका. पूर्ण कोरडा करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत अंधारात ठेवा, आणि फ्रेममध्ये नुसता बिल्ला लावा. धुवायचा ठरला तर कोमट पाण्यात सौम्य साबण, पंधरा मिनिटं, मऊ ब्रशने शिलाईच्या खाचा, मग साबण संपेपर्यंत स्वच्छ पाणी. सावलीत पंख्याखाली तीन दिवस. नायलॉन वरून तासाभरात कोरडा वाटतो, पण बकलाखालच्या दुहेरी घडीत पाणी राहतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. चामड्याचा पट्टा पाण्यात घालायचा नाही. किंचित ओल्या फडक्याने पुसून वाळवायचा.

पितळी बिल्ल्याला चिंच-मीठ लावून चकचकीत करू नका. आम्ल आणि मीठ कोरलेल्या अक्षरांत राहतं आणि बंद पेटीत हिरवं पडतं. शिवाय बिल्ल्यावरचे ओरखडे त्याच्या भांड्यावर, फरशीवर, दारावर घासून पडलेले असतात. ते पुसून काय मिळवायचं? साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका.

खोलीचं माप असं घ्या. पट्टा बकल लावून गोल, कडेवर उभा ठेवायचा तर खोली पट्ट्याच्या रुंदीएवढी अधिक ६ मिमी. १ इंची पट्ट्याला आतून सव्वा ते दीड इंच. गळ्याचं माप १८ इंच असेल तर गोलाचा व्यास पावणेसहा इंच, म्हणजे आतली जागा निदान ८×८. गोल कालांतराने बसकतो, म्हणून आतून पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची पट्टी वाकवून घाला.

ग्लू गनने चिकटवू नका. एप्रिल-मे मध्ये भिंत तापली की तो गोंद सुटतो आणि बिल्ला काचेवर आपटतो. मागच्या बोर्डाला दाभणाने चार ठिकाणी दोन-दोन भोकं पाडा, ४ मिमी अंतरावर, आणि मासे पकडायच्या ०.३ मिमी नायलॉन दोऱ्याने पट्टा शिवून मागे दुहेरी गाठ मारा. गाठीवर टेप. उद्या काढायचा झाला तर दोरा कापला की पट्टा जसाच्या तसा हातात.

मनीमाऊ_सातारा
आणि केस? आमच्याकडेही चिमूटभर ठेवलेत, नुसते कागदात गुंडाळून.

जुनी_पेटी
कागदातून काढा, आजच. केस म्हणजे केराटिन, आणि कपड्यांच्या पतंगाच्या आणि कार्पेट भुंगेऱ्याच्या अळ्या तेच खातात. अंडी डोळ्यांना सहज दिसत नाहीत. केस सौम्य शांपूच्या पाण्यात बुडवून, गाळणीत धुऊन, दोन दिवस वाळवा. मुळाकडून सुती दोऱ्याने बांधा. झिप पिशवीत घालून हवा काढा आणि डीप फ्रीझरमध्ये (उणे १८ अंश) दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, २४ तास तशीच राहू द्या, नाहीतर थंड केसांवर हवेतलं पाणी जमतं आणि सगळं काम वाया जातं. नंतर बुचाच्या काचेच्या नळीत घालून फ्रेममध्ये ती नळी बांधा.

डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नका. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं, म्हणजे तुमची सिंथेटिक पट्टीच चिकट होईल. सिलिका जेलची ५ ग्रॅमची पुडी मागच्या बाजूला लपवा. रंग बदलणारं घेतलं तर बरं, नारिंगीचं हिरवं झालं की संपलं. मे अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आधी बदला.

खोल पेटी एमडीएफची असेल तर आतून अॅल्युमिनियमची टेप लावून त्यावर अॅसिड-फ्री कागद. बंद पेटीत एमडीएफची वाफ पितळ काळवंडवते.

प्राणीमित्र_वसई
मनीमाऊ, तुमचं मांजर म्हातारं आहे असं दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतंत. पंजाचा ठसा हवा असेल तर तो हयातीतच घ्या, शांतपणे.

शाईचा ठसा: पाण्याची, बिनविषारी शाई, लहान मुलांच्या स्टँपपॅडची. कार्यालयातल्या स्टँपपॅडची नको. पंजा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, बोटांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने कमी करा, नाहीतर नुसते फराटे येतात. शाई बोटाने पंजाच्या मऊ गादीवर पातळ लावा आणि कागद पंजावर दाबा, पंजा कागदावर नाही. कागदामागे लहान वही धरा. ३०० जीएसएमचा गुळगुळीत कागद. पहिला ठसा नेहमी जाड येतो, शाई न लावता घेतलेला दुसरा किंवा तिसरा सगळ्यात सुरेख. पंजा लगेच धुवा, मांजर चाटणारच.

मातीचा ठसा: हवेत वाळणारी क्ले दीड सेंटिमीटर जाडीची लाटा. पातळ केली तर वाळताना तडकते. सावलीत, रोज उलटत, चार-पाच दिवस. कणीक-मिठाचा ठसा करायला सांगतात, पण पावसाळ्यात मीठ पाणी ओढतं, ठसा मऊ होतो आणि मुंग्या लागतात. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पंजा कधीही थेट दाबू नका, जमताना ते तापतं आणि कातडी भाजते. क्लेमध्ये ठसा घ्यायचा, त्या साच्यात प्लास्टर ओतायचं: मापाने दोन भाग पावडर, एक भाग पाणी, पावडर पाण्यात सोडायची, ढवळणं सावकाश. जोरात ढवळलं की बुडबुडे नेमके गादीवर येतात. अर्ध्या तासाने सुटतं, पण फ्रेममध्ये घालण्याआधी आठवडाभर वाळू द्या.

प्राणी गेल्यानंतर घ्यायचा असेल तर पहिल्या एक-दोन तासांत घ्या. त्यानंतर पाय ताठरू लागतात. डॉक्टरांना आधी सांगून ठेवलंत तर ते सहसा मदत करतात.

मनीमाऊ_सातारा
खूप धन्यवाद. झोपलेलं असताना कागद दाबून बघेन.

खाडीकाठ
नाव आणि हार राहिलं. आई म्हणते दक्षिणेच्या भिंतीवर लावू, गेलेल्यांचे फोटो तिथेच असतात.

रनिंगफूट
दक्षिणेची भिंत बाहेरची नसेल तर उत्तम, आईंच्या मनाप्रमाणे होऊ द्या. बाहेरची असली आणि ओल येत असेल तर त्याच खोलीतली आतली भिंत बघा. कुठेही लावलीत तरी मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना ५ मिमीचे रबरी ठिपके चिकटवा, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळते. मागची बाजू ब्राउन पेपर टेपने चारी कडांनी बंद. कसर तिथूनच आत शिरते.

फ्रेम शक्य तर कोरड्या दिवसात बंद करून घ्या. पावसाळ्यातच करायची तर फोटो, माउंट, बोर्ड एक दिवस एसी चालू असलेल्या खोलीत ठेवून मग बंद करायला सांगा. नाहीतर जुलैची हवा तुम्ही आत कोंडता आणि हिवाळ्यात काचेच्या आतून धुकं दिसतं.

टांगायला सुतळी नको, कुजते. दोन डी-कड्या वरून एक तृतीयांश उंचीवर, त्यात पिळाची तार. भिंतीत ६ मिमीचा प्लग आणि स्क्रू. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेमी.

हार फ्रेमच्या खिळ्यावर टाकू नका. फ्रेमच्या वर एक इंच आणि बाहेर एकेक इंचावर दोन छोटे स्क्रू लावा, हार त्यांवर. चंदनाच्या सालींचा हार कोरडा असतो, कायम राहिला तरी चालतो. ताज्या फुलांचा हार त्याच संध्याकाळी उतरवा. त्याचं पाणी काचेवरून ओघळून खालच्या पट्टीच्या खाचेत जातं आणि माउंटला खालून वर डाग चढतो. अष्टगंध लावायचं तर काचेच्या मध्याकडे, कडेला नाही. पुसताना कापड ओलं करा, काचेवर पाणी मारू नका. निरांजन आणि उदबत्ती फुटभर लांब, नाहीतर वरच्या पट्टीवर काजळी धरते.

अक्षरजुळारी
नावाच्या पट्टीबद्दल. ट्रॉफी-बिल्ल्यांच्या दुकानात अजूनही बऱ्याच ठिकाणी जुने, युनिकोड नसलेले फाँट असतात. तुम्ही व्हॉट्सअॅपवर ‘शेरू’ लिहून पाठवता, तो माणूस त्याच्या फाँटमध्ये परत टाइप करतो आणि ‘शेरु’ होतो. रूचा उकार दीर्घ आहे, ते लहान मापात दिसतही नाही आणि पितळेवर कायमचं राहतं. जोडाक्षरं असली तर आणखी वाईट, ‘मोत्या’चा ‘मोत् या’ होतो. म्हणून मजकूर टाइप करून नव्हे, पीडीएफ किंवा मोठ्या चित्राच्या रूपात द्या आणि कोरण्याआधी त्यांच्या स्क्रीनचा फोटो मागवा. अक्षराची उंची ४ मिमीपेक्षा कमी नको, मात्रा आणि उकार भरून जातात. जाड-बारीक रेषांचा फाँट टाळा, बारीक रेष लेझरला पुसट येते.

मजकूर थोडका ठेवा. नाव आणि खाली साल ते साल. दत्तक घेतलेल्या प्राण्याचं जन्मसाल ठाऊक नसेल तर घरी आला ते साल लिहा. पट्टी ३ × ¾ इंच, माउंटच्या खालच्या अडीच इंचांत मधोमध. स्क्रूने नको, पातळ दुहेरी टेपने.

खाडीकाठ
सगळं एकत्र करून दुकानात द्यायची चिठ्ठी लिहिली आहे. चूक असेल तर सांगा.

सपाट फ्रेम: फोटो ८×१०, लस्टर, तिसऱ्या पट्टीचा उजेड. माउंट अॅसिड-फ्री, सायीच्या रंगाचा, खिडकी ७¾ × ९¾, वर-बाजूंना २, खाली २½. काच २ मिमी साधी. पट्टी १ इंची सिंथेटिक, काळी, ५ रनिंग फूट. फोटो वरून बिजागरीने. मागे हार्डबोर्ड, ब्राउन टेप, रबरी ठिपके. नावाची पितळी पट्टी माउंटवर.

खोल फ्रेम: आतून ८×८, खोली दीड इंच, तीच पट्टी, काच. पट्टा शिवून, केस नळीत, सिलिका पुडी.

पिल्लूपणीचा फोटो स्कॅन करून ४×६ वेगळा, टेबलावर.

रनिंगफूट
दोन दुरुस्त्या. पितळी पट्टी माउंटवर बसली की तिची जाडी काचेला लागते, कारण माउंट काचेला टेकलेला असतो. एकतर पट्टी खालच्या चौकटीवर बाहेरून लावा (१ इंची पट्टीवर ¾ इंच बसते), नाहीतर काच आणि माउंट यांच्यात ३ मिमीचा स्पेसर सांगा. स्पेसर घेतलात तर चौकटीच्या मागच्या खाचेची खोली मोजायला लावा. काच २, स्पेसर ३, माउंट दीड, मागचा अॅसिड-फ्री बोर्ड दीड, हार्डबोर्ड ३, मिळून ११ मिमी. खाच १२ मिमीहून कमी असेल तर मागचे खिळे धरणार नाहीत.

आणि खोल फ्रेमचा मागचा बोर्ड खिळ्यांनी नको, चार फिरत्या पत्र्यांनी बंद करायला सांगा. दर मे महिन्यात पुडी बदलायची आहे.

खाडीकाठ
नाव चौकटीवरच लावतो. पत्र्यांचं चिठ्ठीत लिहिलं. शनिवारी देऊन येतो.

अक्षरजुळारी
देण्याआधी पीडीएफ मला इथे दाखवा. रू दीर्घ आहे ना बघतो.